न दुखणारा आजार

कफर्णहूममधली ती हकिकत मार्कने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. घरात आणि दाराशी इतकी दाटी, की पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणणाऱ्या चौघांना आत शिरायला वाट मिळेना. त्यांनी छप्पर उसकटले आणि बाज वरून खाली सोडली. इथवरची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग मात्र बहुधा घाईने उरकतात. समोर लुळा पडलेला माणूस होता, आणि येशूने त्याच्या हातापायांविषयी आधी चकार शब्द काढला नाही. पापांची क्षमा झाल्याचे तेवढे सांगितले. आणणाऱ्यांनी मागितले एक आणि मिळाले भलतेच. बसलेल्या शास्त्र्यांना ही देवाची निंदा वाटली, कारण पापांची क्षमा करणे देवावाचून कोणाच्या हातचे नाही. त्यांच्या मनातल्या या आक्षेपाला उत्तर म्हणून, आपल्या अधिकाराचा पुरावा म्हणून, मग येशूने त्या माणसाला बाज उचलून घरी जायला सांगितले. शरीराचे बरे होणे या हकिकतीत खरेखुरे आहे, पण ते नंतर येते आणि आधी घडलेल्या गोष्टीची साक्ष देण्यासाठी येते. आत्मिक आरोग्यासाठी देवाकडे वळणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करताना हा क्रम सोडून चालणार नाही असे मला वाटते.

या विषयावर सध्या दोन पक्ष ऐकू येतात. चंगाई सभांचे फलक लावणारा एक पक्ष म्हणतो की देवाकडे या, तुमचे दुखणे जाईल. दुसरा पक्ष म्हणतो की दुखणे जात नाही, सबब हा सगळा भ्रम आहे, फार तर फसवणूक आहे. दोघांचे भांडण कितीही कडाक्याचे असले तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे: आरोग्य म्हणजे दुखायचे थांबणे. पवित्र शास्त्र आणि मंडळीची जुनी परंपरा वाचताना मला याच्या उलट दिसते. आत्म्याचा आजार मुळात दुखतच नाही. माणूस जेवतो, कमावतो, उपासनेला जातो, गाणी म्हणतो आणि आपल्या हातून दुसऱ्याचे काय झाले आहे याचा त्याला पत्ता नसतो. देवाकडे वळला की पहिली गोष्ट घडते ती ही, की दुखायला लागते. हे दुखणे उपचाराचा दुष्परिणाम नव्हे. उपचार लागू पडल्याची ती पहिली खूण आहे.

कुष्ठरोगाच्या इतिहासात याला जवळचे असे एक उदाहरण सापडते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी घरात जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून झडतात, असा तोवर सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हातापायांचे बारकाईने निरीक्षण केले तेव्हा कळले की मांसात वेगळे काही सडत नाही; नसा मेल्यामुळे वेदना पोचत नाही, आणि वेदना नसलेला माणूस गरम भांडे तसाच धरून ठेवतो, पायात खिळा रुतला तरी चालत राहतो. बोटे जातात ती रोज होणाऱ्या आणि न जाणवणाऱ्या इजांनी. त्यांनी पुढचे आयुष्य शस्त्रक्रियेइतकेच या गोष्टीसाठी वेचले, की वेदना ही शरीराची राखण आहे हे लोकांना पटावे. लेवीयच्या पुस्तकात ज्या त्वचारोगाचे नियम आहेत तो आणि आजचा कुष्ठरोग एकच नव्हे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, म्हणून या उदाहरणाचा आधार मी शास्त्रवचनांत शोधत नाही. पण शास्त्र ज्याला मन कठीण होणे म्हणते, त्याचे इतके नेमके चित्र दुसरीकडे मिळणार नाही.

दावीद राजाची गोष्ट या दृष्टीने पाहावी. त्याने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवले, तिच्याशी लग्न केले, आणि मग मूल जन्माला येईपर्यंत राज्य व्यवस्थित चालवले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात या सगळ्या काळात त्याच्या मनाला टोचणी लागल्याची एक ओळ नाही. तो निरोगी होता, सुखात होता. नाथान संदेष्टा येतो आणि त्याला एका गरिबाच्या हिरावून घेतलेल्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. त्या परक्या अन्यायावर दावीद खवळतो. म्हणजे न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त स्वतःच्या बाबतीत ती बधिर झाली होती. नाथानने बोट त्याच्याकडे वळवताच जे घडते त्याला मी आत्मिक आरोग्याची सुरुवात म्हणतो. परंपरा एक्कावन्नावे स्तोत्र याच प्रसंगाशी जोडते, आणि त्या स्तोत्रात समाधान कुठेही सहज आलेले नाही. हाडे मोडल्याची भाषा आहे, शुद्ध हृदय निर्माण करण्याची विनवणी आहे. राजाला बरे वाटू लागले असे कोणी म्हणणार नाही. तो जागा झाला, एवढे म्हणता येते. मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. समर्थांची करुणाष्टके अनुतापातूनच बोलतात, आणि आपल्या भक्तिपरंपरेने स्वतःच्या दोषांची उघड कबुली कधी कमीपणाची मानली नाही.

मंडळीने हे सूत्र फार लवकर ओळखले होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती याने ख्रिस्ताला वैद्य म्हटले. ऑगस्टिनच्या प्रवचनांत तर हा वैद्य पुन्हा पुन्हा भेटतो. कॉन्स्टँटिनोपल येथे ६९२ साली भरलेल्या पूर्वेकडील परिषदेने आपल्या शेवटच्या नियमात पापनिवेदन ऐकणाऱ्यांना सांगितले, की पापाचा प्रकार आणि पाप्याची तयारी दोन्ही पाहून उपचार ठरवावा, जसा वैद्य ठरवतो. पश्चिमेकडे १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम घातला, आणि त्याच नियमात धर्मगुरूला जखमेवर द्राक्षारस व तेल ओतणाऱ्या जाणत्या वैद्याची उपमा दिली. ही दोन द्रव्ये लूकच्या चांगल्या शोमरोन्याच्या हातातली आहेत. तेल जखम शांत करते आणि द्राक्षारस झोंबतो. परिषदेने दोन्ही एकत्र सांगितली हे विसरण्यासारखे नाही. कॅथलिक मंडळी आजही प्रायश्चित्त आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग यांना मिळून आरोग्याचे संस्कार म्हणते. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, त्याकडे आठवड्याच्या चुकांची यादी वाचून दाखवण्याचा उपचार म्हणून पाहिले जाते तेव्हा त्यातला वैद्य हरवतो. लूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या पंच्याण्णव मुद्द्यांपैकी पहिलाच मुद्दा असा, की श्रद्धावंताचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. परंपरा भांडल्या त्या क्षमा कोणाच्या हातून मिळते यावर; जखम आधी उघडावी लागते, याबद्दल त्यांच्यात फारसा वाद नव्हता.

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, नवराही गेला. इतक्या आघातांनंतर एखादी स्त्री देवाकडे वळली तर ती दिलाशासाठी वळली असे म्हणणे सोपे आहे. रमाबाईंचा मार्ग तसा नव्हता. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते त्यांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या, आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी येशूचे झालेले संभाषण त्यांच्या मनात ठसले. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या जे सांगतात ते माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेचा दौरा झाला होता, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते, टीका झेलत काम वाढत होते. बाहेरून पाहणाऱ्याला कसलीही उणीव दिसली नसती. उणीव दिसली ती त्यांना स्वतःला, आणि ती दिसणे सुखाचे नव्हते: आपले पांडित्य, आपले सत्कार्य, आपला धर्मबदल यांपैकी काहीही आपल्याला देवासमोर नीट उभे करू शकत नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. शांती त्यांना मिळाली, पण या कबुलीच्या पलीकडे मिळाली.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जून महिन्यात जे जागरण झाले, त्याचेही असेच आहे. त्या काळच्या वृत्तांतांत भाषा-चमत्कारांची, आवेशाची वर्णने आहेत आणि वाचणाऱ्यांचे लक्ष तिकडेच जाते. पण त्यांच्या मुळाशी पाहिले तर मुली आधी रडत होत्या आणि आपली पापे कबूल करत होत्या. आनंदाचे गाणे नंतर आले. या मुलींतल्या कितीतरी जणी १८९६-९७ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांतून, उपासमारीतून आणि त्याहून वाईट प्रसंगांतून आल्या होत्या. त्यांच्या अश्रूंत कबुली किती आणि साचलेला आकांत किती, हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढायची गरजही नाही. शिवाय खुद्द रमाबाईंना ऐकू कमी येत असे. तरुणपणी वैद्यकीय शिक्षण घेण्याचा बेत त्यांना त्याच कारणाने सोडावा लागला होता. हजारोंसाठी प्रार्थना करणाऱ्या या स्त्रीचे कान अखेरपर्यंत सुधारले नाहीत. मुक्तीत अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सदन होते, त्याला येशूने दृष्टी दिलेल्या बार्तिमय आंधळ्याचे नाव होते, आणि तिथे ब्रेल लिपी शिकवली जात असे. नाव चमत्काराचे आणि काम शिकवण्याचे, यात त्यांना विसंगती दिसली नाही. मला तर त्यात त्यांच्या श्रद्धेचा समंजसपणा दिसतो.

यावर पहिला आक्षेप येणार तो अंधश्रद्धेचा, आणि महाराष्ट्रात तो यायलाच हवा. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने जादूई उपायांच्या जाहिरातींवर बंदी आणली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी जन्म वेचला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्यात झाला. प्रार्थनेच्या नावाखाली औषध बंद करायला लावणे, तेलाच्या बाटल्या विकणे, मंचावर कुबड्या फेकायला लावणे याला मी ख्रिस्ती श्रद्धेच्या नावाने मुळीच पाठीशी घालणार नाही. आणि ही भूमिका नव्या काळाशी केलेली तडजोड आहे असेही कोणी समजू नये. हिज्कीया राजाने मरणाच्या दारात प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि त्याच अध्यायात यशया त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगतो. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. त्याला नुसते विश्वास ठेवायला सांगून मोकळा होत नाही. त्रफिमाला त्याने मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले. एपफ्रदीत मरता मरता वाचला, आणि पौलाने ते देवाच्या दयेचे काम मानले, कोणाच्या विश्वासाचे बक्षीस नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. स्वतः पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवले आणि काटा गेला नाही. ज्याच्या हातून दुसरे बरे झाले त्याला स्वतःच्या बाबतीत नकार मिळाला, ही नोंद नव्या करारात तशीच ठेवली गेली आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय याच समजुतीवर उभे राहिले, की शस्त्र आणि प्रार्थना यांना एकाच छपराखाली राहायला अडचण नाही. रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये आरोग्यासाठीच्या प्रार्थनांवर सूचना काढल्या, त्यांत उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना स्पष्ट मनाई आहे.

चंगाई सभांचा सर्वांत मोठा अपराध माझ्या मते पैशाचा नाही. बरा न झालेल्या माणसाला तुझाच विश्वास कमी पडला असे सांगितले जाते, तो खरा अपराध आहे. आजार आहेच, वर दोषही त्याच्या माथी. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला, ईयोबावर नव्हे. जन्मांधाकडे पाहून शिष्यांनी पाप याचे की याच्या आईबापांचे असे विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला; शिलोहातला बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयीही त्याने तसेच केले. कफर्णहूमच्या पक्षघात्याला आधी क्षमा मिळाली म्हणून त्याचा आजार पापातून आला होता असे अनुमान काढणे या वचनांच्या विरुद्ध जाईल. क्षमा त्याला आधी मिळाली, कारण चालता येणाऱ्या माणसांनाही तिची तितकीच गरज असते. त्या घरात दोन पायांवर उभे असलेले सगळे त्याच्याइतकेच आजारी होते, आणि त्यांतल्या कोणालाही ते जाणवत नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला लोकांची अफू म्हटले, आणि फ्रॉइडने १९२७ मध्ये बापाच्या छायेची बालिश इच्छा म्हणून त्याचा उलगडा केला. धर्म दुःख जाणवू देत नाही आणि म्हणून दुःखाची कारणे तशीच राहतात, असा या टीकेचा गाभा आहे. ख्रिस्ती माणसाने ही टीका उडवून लावू नये, कारण मंडळीच्या इतिहासात तिला पुरावे मिळतात. उपाशी माणसाला स्वर्गाच्या आशेवर गप्प बसवण्याचे काम धर्माने केलेले आहे. पण टीका जिथे लागू पडते तिथे आत्मिक आरोग्य नसून त्याचे सोंग आहे, हे ओळखण्याचे साधन ख्रिस्ती शिकवणुकीतच आहे. संवेदना मारणारी ती अफू. आणि पश्चात्तापाने जर संवेदना परत येत असेल, तर दोघांची कामे परस्परविरुद्ध ठरतात. रमाबाईंना शांती मिळाली १८९१ च्या सुमारास, आणि १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती तिच्यावर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. मुंबईच्या गव्हर्नरापर्यंत ते प्रकरण गेले. त्याच सुमारास त्या दुष्काळी मुलुखात जाऊन मुलींना घेऊन येत होत्या. ज्या शांतीने त्यांना इतके अस्वस्थ ठेवले तिला गुंगी म्हणता येणार नाही. एका आयुष्यावरून सिद्धांत होत नाही हे मान्य. पण मार्क्सचा सिद्धांत असे आयुष्य शक्यच नाही असे गृहीत धरतो, आणि तेवढे खोडायला एक पुरते.

याच्या अगदी उलट बाजूने येणारा आरोप असा, की ख्रिस्ती धर्म आधी माणसाला अपराधी वाटायला लावतो आणि मग त्यावरचा उतारा देऊ करतो; रोग आणि औषध दोन्ही त्याचेच. नीत्शेने हा आरोप धारदार केला. यात तथ्य आहे ते लूथरच्याच तरुणपणात दिसते. मठात असताना तो तासन्‌तास पापनिवेदन करी, बाहेर पडताच आणखी काही आठवून परत येई, आणि त्याचा वडीलधारी मार्गदर्शक श्टाउपित्स याने त्याला या स्वतःला कुरतडण्यातून सोडवून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला लावले. श्टाउपित्सचे निदान बरोबर होते. स्वतःच्या दोषांचे अखंड चिंतन ही देवाकडे पाठ फिरवण्याचीच एक रीत होऊ शकते, कारण त्यात नजर स्वतःवरून हलत नाही. शिवाय आज आपल्याला ठाऊक आहे की तीव्र नैराश्यात माणसाला निष्कारण अपराधी वाटते. त्याने काही केलेले नसते, आणि तरी आपण सगळ्यांचे नुकसान केले असे त्याला वाटत राहते. अशा माणसापुढे पश्चात्तापाचा संदेश ठेवणे क्रूरपणा आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हे पाळकाचे कर्तव्य आहे, आणि त्या वेळी प्रार्थना करायची ती त्याच्या वतीने, त्याला प्रश्न न विचारता. खरा पश्चात्ताप ओळखायचा कसा? तो ठरावीक असतो. दावीदाला उरीया आठवला. आपण एकंदरीत वाईट आहोत असे त्याला वाटले आणि तो तिथे थांबला, असे झाले नाही. अमुक माणसाचे मी अमुक केले, इथवर जे पोचत नाही ते दुःख देवाकडून आलेले मानायला मी तयार नाही.

आणि इथे या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न येतो, तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा. आत्तापर्यंत मी अपराध करणाऱ्याच्या बधिरतेविषयी बोललो. पण ज्याला मार बसला, जिची अब्रू लुटली, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्याला पश्चात्ताप कशाचा करायला सांगायचा? मंडळीने या ठिकाणी पुष्कळदा चूक केली आहे. दुखावलेल्यांना क्षमा करायची घाई केली आणि त्यालाच आरोग्य म्हटले. पवित्र शास्त्र त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवते. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग कबुलीचा नसून तक्रारीचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी आशेची एक ओळ जोडावी असे संपादकांनाही वाटले नाही, आणि तरी ते उपासनेच्या गीतांत राहिले. पीडिताचीही एक बधिरता असते: सोसून सोसून आवाज बसतो, आपल्याला दुखते आहे हे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे हेच त्याला वाटेनासे होते. देवाकडे वळणे म्हणजे त्याच्या बाबतीत देवाच्या तोंडावर ओरडणे. केडगावच्या त्या रात्रींत कबुली आणि आकांत एकमेकांत मिसळलेले होते ते यामुळे.

अपराध्याला मात्र देवाशी परस्पर मिटवून घेण्याची मुभा नाही. बोनहोफरने १९३७ मध्ये जर्मन मंडळीला स्वस्त कृपेबद्दल जे सुनावले ते हेच होते, आणि आठ वर्षांनी नाझींनी त्याला फासावर दिले तेव्हा त्याने स्वतःच्या बाबतीत ती स्वस्त ठेवली नव्हती हे दिसले. जक्कयाच्या घरी तारण आले असे येशूने म्हटले ते त्याने झाडावर चढून पाहिले तेव्हा नव्हे. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन, असे त्याने सर्वांदेखत सांगितले तेव्हा म्हटले. जकातदाराचे आत्मिक आरोग्य त्याच्या हिशेबाच्या वहीत दिसावे लागते. मंडळ्यांमध्ये लहान मुलांवर झालेले अत्याचार धर्मगुरूंची बदली करून झाकले गेले, तेव्हा क्षमेचे नाव घेऊन वही बंद केली गेली होती. त्याला आरोग्य म्हणणे म्हणजे न दुखणाऱ्या बोटांनाच निरोगी समजणे.

भारतातील मंडळीच्या बाबतीत ही वही जातीची आहे. बाप्तिस्म्याने जात धुऊन निघते असे आपण शिकवतो, आणि तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसांना दफनभूमीतही वेगळी जागा दिल्याची उदाहरणे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर केले आणि मंडळीच्या आत अस्पृश्यता पाळली जाते हे त्यात मान्य केले. असा कबुलीजबाब उशिरा आला, तरी एखादी संस्था आपले दुखणे नावानिशी सांगते तेव्हा मी तिला पूर्वीपेक्षा निरोगी मानतो. पुढचे काम मत्तयाच्या पाचव्या अध्यायात लिहिलेलेच आहे: अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्याला जर आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर येशू त्याला अर्पण तिथेच ठेवून आधी त्या भावाकडे जायला सांगतो. म्हणजे उपासना थांबली तरी चालेल. ज्या गावात दोन दफनभूमी आहेत तिथल्या मंडळीने पुढची आरोग्यसभा ठरवण्याआधी ही सूचना शब्दशः घ्यावी, एका रविवारी भक्ती अर्ध्यावर सोडून सगळ्यांनी दुसऱ्या वस्तीत जावे, आणि तिथले लोक काय म्हणतात ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.